अमावास्येला न झालेला स्फोट

आमच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वसाहतीने यंदा एक स्मरणिका काढली. पुतण्या तिथे राहतो, त्याने ती मला आणून दिली. तिच्यात वसाहतीच्या पहिल्या चिटणिसांचा लेख आहे. वरच्या खाणीतल्या एका बेदरकार सुरुंगवाल्यामुळे इमारतीला तडे गेले, रहिवाशांनी काचेच्या पट्ट्या लावून ते सिद्ध केले, त्याचा परवाना गेला आणि वसाहतीला शांतता लाभली, असा त्या लेखाचा सारांश. तो सुरुंगवाला मी. मी हयात आहे, माझी दृष्टी शाबूत आहे आणि मला वाचता येते, या तीन गोष्टी लेखकाने विचारात घेतलेल्या दिसत नाहीत.

पुतण्या म्हणाला, "जाऊ द्या ना काका. असली पुस्तकं कोण वाचतंय?"

मी वाचले. तेवढे पुरे आहे.

आधी ती खाण काय होती ते सांगतो, कारण लेखात ती 'उपद्रव' या एका शब्दात उरकली आहे. दिंडोशीच्या मागच्या डोंगरात ती दगडखाण होती. ऐंशीच्या दशकात अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत जे जे उभे राहिले, ते आधी आमच्या आणि आमच्यासारख्या खाणींतून खाली उतरले. पायातला दगड आमचा, स्लॅबमधली खडी आमची, डांबराखालचा थर आमचा. दुपारी बाराला मी लाल बावटा लावून पत्र्याचा डबा बडवायचो, माणसे आडोशाला जायची, आणि सुरुंग उडाला की त्या एका आवाजावर अख्ख्या डोंगराचे काम चालायचे. घणवाले शिळा फोडत, वडारांच्या बाया त्यांची खडी करीत, उरलेला माल क्रशरमध्ये जाई, तिथून डंपरमध्ये. डंपर आहेत म्हणून टायरवाला, छिन्न्या बोथट होतात म्हणून लोहार, माणसे जेवतात म्हणून मालवणी बाईची खानावळ. जुन्या टायरच्या चपला शिवणारा एक म्हातारासुद्धा त्या सुरुंगावर जगत होता. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा माझ्या गावचे तिघे परळहून थेट आमच्याकडे आले आणि डंपर भरू लागले. गिरणीच्या साच्यावर आयुष्य घालवलेले ते हात आठवडाभर सोलवटून निघाले. पण त्यांच्या घरच्या चुली पेटत राहिल्या. हा उपद्रव असेल, तर असा उपद्रव मी तेवीस वर्षे केला आणि त्याचा मला अभिमान आहे.

खाणीत सुरुंग उडवण्याचा परवाना एकट्याच्या नावावर होता. माझ्या. तो मी जस्ताच्या डबीत ठेवायचो आणि डबी कमरेला. वडिलांनी मला गावाकडे जमीन ठेवली नाही, मुंबईत खोली ठेवली नाही. मी स्वतः कमावलेली पहिली वस्तू म्हणजे तो कागद. लोक मला मुकादम म्हणत ते त्या कागदामुळे.

मग वसाहत आली. फोर्टातल्या कचेऱ्यांत काम करणारी, शिकलीसवरलेली मंडळी. त्यांच्या पहिल्या इमारतीचा सगळा दगड आम्हीच दिला. दोन वर्षांत तिच्या ईशान्य कोपऱ्याला तडा गेला. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण त्या कोपऱ्याखाली काय आहे ते मला ठाऊक होते. तिथे आमच्या मालकांचा जुना, उथळ खड्डा होता. मी नवा होतो तेव्हा त्यातून मीच दगड काढला होता. पुढे तो मातीने आणि खाणीच्या कचपटाने बुजवून प्लॉट विकला गेला. मी खाली जाऊन चिटणिसांना हे सांगितले. ते गच्चीवर उभे होते, मी खाली.

"म्हणजे सुरुंग तुम्ही लावायचे आणि दोष आमच्या पायाला?" ते हसून म्हणाले. शेजारच्या चार माणसांनीही हसून घेतले. "अहो मुकादम, तुम्ही दगड फोडा. इंजिनिअरिंग आमच्याकडे राहू द्या."

हे हसणे मी विसरलो नाही. विसरण्यासारखे नव्हतेच.

मग त्यांनी तड्यांवर काचा लावल्या. युक्ती जुनी आणि चांगली आहे. वीतभर लांबीची काचेची पट्टी तड्यावर आडवी धरायची, दोन्ही टोके प्लास्टरने पक्की करायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. चिटणिसांनी एक वही केली. काच केव्हा तडकली आणि त्या वेळी खाणीत केवढा स्फोट झाला, ते तीत सुबक अक्षरात लिहिले जाई. ती वही योग्य त्या कार्यालयात पोहोचली. चौकशीला आलेल्या साहेबांनी क्रशरजवळ, सगळ्या बायामाणसांसमोर हात पुढे केला आणि मी डबी उघडून परवाना त्यांच्या हातावर ठेवला. निकाल लागेपर्यंत सुरुंग बंद. वहीची एक नक्कल मला दिली, उत्तर देण्यासाठी. मी ती रागाने घडी करून रिकाम्या डबीत कोंबली आणि वाचली नाही. माझ्या हातून झालेली चूक हीच, आणि ती मी कबूल करतो.

वाचण्याऐवजी मी सूड घ्यायला निघालो.

वसाहतीची दुसरी इमारत तेव्हा सुरू व्हायची होती. पाया खणून तयार होता. चिटणिसांच्या शब्दावर निम्म्या कचेरीने तिथे घरे नोंदवली होती आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाचा संसार त्याच इमारतीत मांडला जाणार होता. मी मुलुंडला गेलो, घाटकोपरला गेलो, खाणीखाणीत गेलो. मुकादमांना एवढेच सांगितले, "आज माझा कागद काचेवर गेला. उद्या तुमच्या खाणीखालच्या भिंतींनाही काचा चिकटतील. त्या प्लॉटवर एकही डंपर जाता कामा नये." एकानेही नाही म्हटले नाही. महिनाभर उपनगरांतल्या कुठल्याही डोंगरातून त्या खड्ड्यात मूठभर खडी पडली नाही. सिमेंटच्या गोणी दमट हवेत दगड होऊ लागल्या, सळया गंजल्या.

कंत्राटदार धावत वर आला. "मुकादम, माझी वाट लागली ना! भांडण तुमचं, मरतोय मी. दोन गाड्या तरी सोडा यार."

"मी कोण सोडणारा? माझा तर परवानाच गेलाय," मी म्हणालो. इतके गोड वाक्य मी आयुष्यात दुसरे बोललो नसेन.

खडी फोडणाऱ्या बायांत एक वडार म्हातारी होती. तिचे सगळे घर त्या खाणीत राबत होते. सुरुंग बंद असल्यामुळे आधीच फुटलेल्या शिळांचा ढीग तेवढा बाया हाताने फोडत होत्या, आणि तो रोज खाली बसत चालला होता. एके दिवशी तिने घण टेकवला आणि मला हाक मारली.

"मुकादम, तुझा राग लई मोठा हाय. पर ह्यो ढीग लहान हाय."

"थोडं थांब, आजी. त्यांचं नाक मातीत घासतो."

"घास की. पर त्या वहीत काय लिवलंय ते तरी वाचलंस का? का नुसताच बोंबलत फिरतोस?"

बाया हसल्या. मी डबीतून नक्कल काढून मोठ्याने वाचू लागलो. सातव्या की आठव्या नोंदीवर म्हातारीने हात वर केला. "थांब. ही तारीख परत सांग."

मी सांगितली. नोंद सगळ्यांत ठसठशीत होती: दुपारी बारा वाजता प्रचंड स्फोट, दोन काचा एकदम तडकल्या. म्हातारी बोटांवर मोजत राहिली आणि मग तिने कपाळावर हात मारला. "आरं, ती माघातली आवस. त्या दिशी सुटी म्हनून नातवाचं जावळ काढलं मी. दगडाला कुनी हात लावला हुता?"

लोहाराच्या भिंतीवर कालनिर्णय होते. मी पाने उलटली. अमावास्याच होती. आमच्या डोंगरात अमावास्येला घण उचलत नसत. वडार त्या दिवशी हत्यारे धुऊन, हळदकुंकू लावून ओळीने मांडून ठेवीत आणि डोंगराला विसावा देत. कुठल्याच मालकाने ही प्रथा मोडली नव्हती, मीही नाही. चिटणीस त्या दुपारी फोर्टात आपल्या कचेरीत होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांना काच तडकलेली दिसली; काच तडकली त्या अर्थी स्फोट झाला असणार, आणि स्फोट नेहमी बारालाच होतो, म्हणून त्यांनी वेळेसकट स्फोट लिहून टाकला. काच खरे बोलली होती. वही खोटे बोलत होती.

मी कार्यालयात धावलो नाही. वाट पाहिली. घरे नोंदवलेल्या मंडळींनी चिटणिसांच्या दारात बसायला सुरुवात केली तेव्हा एका रविवारी ते स्वतः डोंगर चढून आले.

"मिटवून टाकू या," ते म्हणाले. "तुमची अट काय?"

"एकच. येत्या गुरुवारी रजा घ्या. वही घेऊन नऊ वाजता इथे या आणि पाच वाजेपर्यंत बसा."

"बसून काय करू?"

"ऐका."

ते आले. छत्री, डबा, वही. मी त्यांना उन्हातल्या एका शिळेवर बसवले. सावलीची जागा होती. ती मी दिली नाही. सुरुंग बंद होते, पण घणांचा आवाज रोज असे, तोही त्या दिवशी नव्हता. समोर धुतलेले घण ओळीने मांडलेले. बारा वाजले, एक वाजला. अखेर त्यांनी म्हातारीला विचारले, "बाई, आज काम नाही?"

"आवस हाय, साहेब. आवशीला आमचा डोंगर निजतो. माज्या आजीच्या आजीपासनं." मग ती गोड हसून म्हणाली, "तुमच्या वहीत मातूर जागाच असतो म्हनं."

मी कालनिर्णयाचे त्या अमावास्येचे पान त्यांच्या मांडीवर ठेवले आणि वही उघडायला सांगितली. त्यांनी ती उघडली. नोंदीवर बोट ठेवून तारीख पानाशी ताडून पाहिली. गच्चीवरून हसणारा तो चेहरा मी तेव्हा डोळे भरून पाहिला, आणि हे लिहायला मला जराही लाज वाटत नाही. त्यांनी त्याच वहीतून पान फाडून स्वतःच्या हाताने लिहून दिले की, त्या दिवशी खाणीत स्फोट झाला नाही, आपण घरी नव्हतो आणि नोंद अंदाजाने केली. खाली सही. तो कागद आजही माझ्याजवळ आहे. त्याच्या जोरावर परवाना परत आला. साहेबांनी तो क्रशरजवळच, सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवला. तो मीच तिथे मागितला होता.

येथे थांबलो असतो तर माझी बाजू निष्कलंक राहिली असती. मी थांबलो नाही. कागद हाती पडल्यावरही त्या प्लॉटवरची बंदी मी आणखी एक आठवडा उठवली नाही, केवळ त्यांच्या दारातली गर्दी आणखी थोडी वाढावी म्हणून. आणि सुरुंग? परवाना कमरेला असताना मी तो आठवडाभर लावला नाही. खाली खडी जाण्याचे निमित्तच नको होते. त्या आठवड्यात ढीग संपला. म्हातारीचे सगळे घर पाट्या, घण, पोरेबाळे घेऊन मुलुंडच्या खाणीवर निघून गेले. जाताना ती एवढेच म्हणाली, "तुझं जिंकून झालं की बोलीव." मी बोलावणे धाडले, ती आली नाही. तो सूड मी पुन्हा घेईन, पण तो आठवडा कमी करून घेईन.

बंदी उठवताना कंत्राटदाराला मी जुन्या खड्ड्याची कड चुन्याने आखून दिली आणि नव्या पायाचा एक कोपरा आत घ्यायला लावला. दुसऱ्या इमारतीला आजतागायत तडा नाही. स्मरणिकेत याचे श्रेय वास्तुशांतीला दिले आहे.

खाण पुढे बंद झाली ती सरकारी आदेशाने, आसपासच्या सगळ्या खाणींसकट, चिटणिसांच्या लढ्याने नव्हे. आता तिच्या खड्ड्यात उंच इमारतींच्या गाड्या उभ्या राहतात आणि त्यांची खडी कुठून तरी लांबून येते. स्मरणिका वाचल्यावर मी पुतण्याकडून पहिल्या इमारतीच्या त्या ईशान्य कोपऱ्यावरच्या तड्यावर एक काच लावून घेतली, वीतभर, दोन्ही टोके पक्की. गुढीपाडव्याला लावली. दसऱ्याच्या आत ती मधोमध तडकली.

दोन्ही तुकडे मी चिटणिसांच्या कबुलीच्या झेरॉक्समध्ये गुंडाळले आणि पुतण्याला म्हणालो, "त्यांच्या घरी देऊन ये."

"काय सांगू, काका?"

"त्यांना विचार, हा स्फोट किती वाजता झाला म्हणून लिहू?"