काचेच्या कपाटातली एकेचाळीस पिल्लं

भिंगकाकांच्या डाव्या डोळ्याला भिंगाची इतकी सवय झाली होती की ते काढल्यावरही तो डोळा किंचित बारीकच राहायचा. पुढच्या खोलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे दोन खोल्या, आणि घरात माणसं दोनच: ते आणि त्यांची थोरली, विधवा बहीण आक्का. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांतली धूळ काढण्यात गेली होती. धूळ म्हणजे त्यांचा सात जन्मांचा वैरी. कुणी पाय न झटकता दुकानात शिरलं, तर काका भिंगातून असे बघायचे की त्या माणसाला आपणच एखादं गंजकं चाक आहोत असं वाटावं.

लेक एकुलती एक. लहानपणी जमिनीवर पालथी पडून तासन् तास मुंग्या बघायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. बाराव्या वर्षी तिने बरणीत एक कोळीण पाळली होती, अंड्यांची पांढरी पिशवी उराशी धरून बसलेली. एका सकाळी काकांनी ती बरणी बाहेर नेऊन रिकामी केली, धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. "घाण नुसती," एवढंच म्हणाले. मुलगी रडली नाही, भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने वडिलांना स्वतःचं काही सांगणं बंद केलं. कधी येणार, कधी जाणार, जेवायला आहे की नाही, एवढंच बोलायची. शिकली, दुसऱ्या शहरात प्राण्यांच्या एका संशोधन केंद्रात लागली, आणि अभ्यास करायला तिने कोळीच निवडले.

त्यामुळे नोकरीला लागून चार वर्षं झाल्यावर ती एक पेटी छातीशी धरून दुकानाच्या दारात उभी राहिली, तेव्हा काकांच्या हातातला चिमटा खाली पडला.

पेटीत बोटभर उंचीच्या एकेचाळीस बाटल्या होत्या. प्रत्येकीत ओलसर नारळाचा भुसा, झाकणाला टाचणीने पाडलेली भोकं आणि आत मोहरीच्या दाण्याएवढा एक जीव. टॅरँटुला नावाच्या केसाळ कोळ्याची पिल्लं, नुकती अंड्यांतून निघालेली. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली.

"केंद्राच्या इमारतीला वाळवी लागलीय. सगळीकडे औषध फवारणार आहेत," मुंगी म्हणाली. "आणि मला तीन महिने रानात पाहणीला जायचंय. यांची आई मेली. ही जगली नाहीत तर माझं चार वर्षांचं काम गेलं." मग भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत म्हणाली, "इतक्या बारीक जिवाला भरवताना ज्याचा हात थरथरणार नाही असा माणूस मला एकच माहीत आहे."

काकांनी दोन्ही हातांनी पेटी घेतली. तेरा वर्षांत लेकीने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि तेही नेमकं हेच.

मागच्या खोलीत फळीवर बाटल्या मांडून तिने सगळं समजावलं. आठवड्यातून दोनदा रातकिड्याचा एकेक पाय. कडेला पाण्याचा एक थेंब. उलटं पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, ते कात टाकत असतं. पाय पोटाखाली मुडपलेले दिसले तर मात्र संपलं. "आणि बाबा, उग्र वासाचं काही जवळ नको. डासांचं औषध, अत्तर, रंग, मलम, काही नाही. ही पायांनी वास घेतात. आपल्याला नुसता वास, यांना विष."

ती गेल्यावर आक्काने कपाळाला हात लावला. "लोकांच्या लेकी बापाकडे नातवंडं ठेवून जातात. आपलीने कोळी ठेवले. तेही एकेचाळीस!"

"आक्का, हळू बोल. दचकतात ती."

"मीही दचकते. माझ्यासाठी कधी हळू बोललास?"

काकांनी प्रत्येक बाटलीला दुरुस्तीच्या घड्याळाला बांधतात तशी चिठ्ठी बांधली: नंबर, कधी खाल्लं, कधी कात टाकली. पहिल्या पंधरवड्यात दोन पिल्लं गेली. तेवढी जाणारच, असं मुंगीने आधीच सांगितलं होतं. आणि मग एका दुपारी अकरा नंबरचं उलटं पडलं. काका भिंग लावून दीड तास स्टुलावरून हलले नाहीत. जुन्या कातडीतून पिल्लाने एकेक पाय सोडवून घेतला, केसाहून बारीक, दुधासारखा पांढरा. आठही पाय बाहेर आले तेव्हा काकांनी कितीतरी वेळाने श्वास सोडला. घड्याळ घ्यायला आलेले मास्तर बाकावर ताटकळले होते. "काय काका, मूल झालं की काय?" ते म्हणाले. काका चक्क हसले.

त्या रविवारी रानाखालच्या गावातून मुंगीचा फोन आला. "किती आहेत?"

"एकोणचाळीस. अकराने कात टाकली. मुंगे, अगं, तो शेवटचा पाय अडकला होता ना..." आणि ते बोलतच राहिले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्ही हे सगळं बघितलंत?" त्या आवाजात जे होतं ते काकांनी आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

दुसऱ्या महिन्यात थंडी पडली. मागची खोली गारठली, पिल्लं बिळाबाहेर येईनात. काकांनी विचार केला आणि बाटल्या पुढे दुकानात आणल्या. तिथे कामाच्या टेबलावर त्यांचं काचेचं कपाट होतं. उघडलेली घड्याळं धुळीपासून जपायला ते त्यात ठेवायचे. बाहेरून दिव्याची ऊब, आत धुळीचा कण नाही, आणि दिवसभर नजरेसमोर. तळहातावरच्या फोडासारखं जपायचं म्हणजे आणखी काय करायचं? खालच्या खणात चाकं धुण्याच्या पेट्रोलची वाटी होती, वर्षानुवर्षं असायची तशी. वरच्या खणात एकोणचाळीस बाटल्या बसल्या.

पाचव्या दिवशी सात नंबर अडखळत चालायला लागला. संध्याकाळी पाय पोटाखाली. मग वीस नंबर. मग एकाच दिवशी तीन.

काकांना वाटलं, काहीतरी रोग शिरला. रोग म्हणजे घाण, आणि घाणीशी कसं लढायचं हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक बाटलीनंतर ते चिमटा पेट्रोलमध्ये बुडवून पुसू लागले. मेलेल्यांच्या जागा पेट्रोलच्या फडक्याने घासू लागले. जितकी पिल्लं मरत तितकं काका जास्त स्वच्छ करत, आणि जितकं स्वच्छ करत तितकी ती मरत.

रविवारी फोन आला तेव्हा तीस उरली होती.

"किती, बाबा?"

उन्हात वाळणारी ती बरणी काकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. "एकोणचाळीस," ते म्हणाले. "छान चाललंय." त्या क्षणी खरं सांगितलं असतं, तर तिने दोन प्रश्न विचारले असते आणि तीस जीव वाचले असते. पण काकांना वाटलं, आधी रोग आवरतो, मग सांगतो. पुढच्या रविवारी एकोणीस होती. त्यांनी पुन्हा एकोणचाळीसच सांगितलं. फोन ठेवला आणि ते आक्काच्या खोलीत गेले.

आक्का गुडघ्याला मलम चोळत होती.

"तूच!" काका ओरडले. "सांगितलं होतं ना वासाचं काही नको म्हणून! तुझ्या मलमाने मारलीस तू त्यांना!"

आक्काने मलमाची डबी खाली ठेवली. "मी इथे, कोळी तिकडे, मधे दोन दारं. माझ्या मलमाने मेले? आणि तू दिवसभर पेट्रोलमध्ये बुचकळलेला असतोस, जेवायला बसलास तर भाताला पेट्रोलचा वास येतो, तो नाही का वास?"

"टोमणे मारू नकोस."

"टोमणा नाही रे बाबा, खरं तेच सांगतेय."

पण काकांनी तो टोमणाच धरला. चाळीस वर्षांत त्या वासाचं त्यांच्या नाकाला काही वाटेनासं झालं होतं. त्यांच्यासाठी तो वास म्हणजे हवाच. हवेला कोण दोष देतो? दुसऱ्या दिवशी आक्का पिशवी भरून आपल्या मुलाकडे निघून गेली. जाताना म्हणाली, "त्या आठ पायांच्यांसाठी मला दोन पायांवर हाकललंस, लक्षात ठेव." काकांनी तिची खोली धुऊन काढली, खिडक्या उघड्या टाकल्या, आणि कपाटाशी येऊन बसले. त्या आठवड्यात आणखी नऊ गेली, आणि पुढेही जातच राहिली.

ठरल्यापेक्षा तीन दिवस आधीच मुंगी आली. उन्हाने रापलेली, बुटांना माती. पाय न झटकताच आत आली. दुकानाच्या मध्यावर थबकली आणि तिने एकदाच श्वास आत घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "पेट्रोल."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे, मग खालच्या खणातल्या वाटीकडे. त्यांना काही विचारावं लागलं नाही. आक्काचं बोलणं त्यांच्या कानात आता कुठे शिरलं.

मुंगीने कपाटाची दारं सताड उघडली, वाटी बाहेर नेली आणि एकेक बाटली उजेडात धरून बघितली. दोन पिल्लं हलत होती, चार नंबर आणि अकरा नंबर. बाकीच्या चिठ्ठ्यांवर काकांच्या सुबक अक्षरात मेल्याच्या तारखा होत्या. तिने त्या क्रमाने वाचल्या. कुठल्या रविवारी खरी किती होती आणि आपल्याला किती सांगितली, हे तिच्या ध्यानात येत होतं. काका ते बघत उभे होते.

"बोल काहीतरी," ते म्हणाले. "शिव्या दे. मी तुला खोटं सांगितलं. आक्कालाही..."

"तुमची चूक नाही, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "इथे ठेवायला नको होती. मला कळायला हवं होतं."

ती ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. तिने दोन बाटल्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. चहा नको म्हणाली. संध्याकाळची गाडी होती, सकाळी केंद्रात पोचायचं होतं.

काकांनी हात धुतले. साबणाने, दोनदा, तीनदा. मग पुढे केले. "गाडीपर्यंत मी धरतो. हात हलणार नाही माझा."

"नको," मुंगी म्हणाली. "मीच नेते."