दूधकट्ट्यावरची तोंडी परीक्षा

मुलाणी सरांसमोर कुणी एखादं गुळगुळीत वाक्य टाकलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून एकच शब्द विचारायचे, "म्हंजे?" समोर विद्यार्थी आहे की प्राचार्य, याचा त्यांना विधिनिषेध नव्हता. एकदा सभेत प्राचार्य म्हणाले, "आपलं महाविद्यालय गुणवत्तेचा ध्यास घेऊन वाटचाल करीत आहे." पहिल्या रांगेतून आवाज आला, "म्हंजे?" त्यानंतर लवकरच सरांकडे 'लेखन-वक्तृत्व कक्ष' सोपवण्यात आला. तोपर्यंत ती मोडक्या बाकांची खोली होती.

सर मूळचे कुरुंदवाडचे, शिकवायचे संख्याशास्त्र. पण त्या खोलीत इतिहासवाले, कॉमर्सवाले, आमच्यासारखे भौतिकशास्त्रवाले, असे सगळ्या शाखांचे मुके जीव जमा व्हायचे. सर म्हणायचे, "विषय तुझा असतोय, पर कान दुसऱ्याचा असतोय. त्या कानाला कळलं तेवढंच तुला येतंय."

मी गगनबावड्याचा. शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला मी उभा राहिलो आणि फळा पुसत बसलो. फळा कोराच होता. विभागप्रमुखांनी दया येऊन आणखी एक संधी दिली. ती हुकली तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं तर आमच्या हॉटेलात भजी तळायला यायचं, असं वडिलांनी फोनवर जाहीर केलं. ते थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

सरांनी मला संध्याकाळी दूधकट्ट्यावर नेलं. तिथं गवळी म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात आणि लोक उभ्या उभ्या ताजं दूध पितात. सरांची तोंडी परीक्षा इथंच व्हायची. दूध पिणाऱ्या अनोळखी माणसाला आपला विषय सांगायचा. त्यानं ग्लास संपवून वाट धरली तर नापास. ग्लास हातात तसाच धरून प्रश्न विचारला तर पास.

माझा विषय होता पृष्ठताण. एका मिशीवाल्या गृहस्थांसमोर मी सुरू केलं, "द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंवर कार्य करणाऱ्या बलामुळे..." गृहस्थांनी ग्लास एका घोटात रिकामा केला आणि मोटारसायकलला किक मारली. दुसऱ्यानं तर अर्धा ग्लास ठेवूनच पळ काढला. पलीकडून सर ओरडले, "अरं, म्हशीनंबी तोंड फिरवलं की!"

मला रडू यायचंच बाकी होतं. तिसरा माणूस उचगावचा होता. त्याच्या ग्लासावर फेसाचा डोंगर होता. भजी डोळ्यांसमोर दिसत असताना मी पुस्तक विसरून विचारलं, "पावणं, ह्यो फेस लगेच का बसत न्हाय, ठावं हाय?"

त्याचा हात थांबला. "का रं?"

"पाण्याचा वरचा थर लय ताणून धरलेला असतोय, म्हणून पाण्याचा बुडबुडा लगेच फुटतोय. दुधातली प्रथिनं त्यो ताण कमी करत्यात आणि बुडबुड्याला धरून बसत्यात."

"व्हय? मग साबणाच्या फेसाचं बी असंच की काय?"

"व्हय!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की म्हैस बिचकली आणि गवळ्यानं मला शिव्या घातल्या. सर म्हशीआडून नाचतच आले. "आता घरी जा आणि ह्येच लिही. पावण्याला सांगितलंस तसं. एक शब्द फुगवलास तर बघ!"

तेच लिहिलं, तेच बोललो आणि सेमिनार पास झालो. आज मीही शिकवतो.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. समारंभाला चहाऐवजी आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी कट्ट्यावरचं दूध ठेवलं होतं. सर भाषणाला उठले. "तुम्हा पोरांनी मला..." एवढंच म्हणाले आणि थांबले. आम्हाला बोलतं करणाऱ्या माणसाला पुढचा शब्द सापडेना. मला ते बघवेना. मी मागच्या रांगेतून विचारलं, "म्हंजे, सर?"

सभागृह हसलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे पुसले. "म्हंजे... आता संध्याकाळी कट्ट्यावर माझ्यासंगट कोण येणार रं?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे ग्लास हातात तसेच भरलेले होते. सर पास झाले होते.