गोठ्यातली मोटार

आमच्या बालाघाटच्या घरामागच्या गोठ्यात गाय नव्हती, मोटार होती. बाबा एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, ड्रायव्हर होते. मालगुजारी गेली, मालक नागपूरला राहायला गेले आणि जाताना ती जुनी इंग्रजी मोटार बाबांच्या गळ्यात मारून गेले. बाबांना मात्र तो मोठा मान वाटला. त्यांनी ती विटांवर चढवली, वर भाताच्या तणसाचे भारे रचले. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ आणि मग इंजिनात वाटीभर जवसाचं तेल. आमच्याकडे भाजीला जवसाचंच तेल असायचं, तेच तिलाही. त्यानं गंज लागत नाही म्हणायचे. घरातल्या माणसांची त्यांनी एवढी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा शाळेत मास्तरीण होते, लग्न व्हायचं होतं. आईचं पाळीचं वय सरलं होतं, तरी तिच्या अंगावरून जायला लागलं आणि ते थांबेना. तिनं फक्त मला सांगितलं, आणि लगेच शपथ घातली, "तुह्या बापाले सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील." तिच्या जुन्या लुगड्यांच्या घड्या मी धुवायची आणि दुसऱ्या कपड्यांच्या आड वाळत घालायची.

गल्लीतल्या डॉक्टरनं तिचे पांढरे पडलेले डोळे बघितले आणि गोंदियाच्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. बाबांना आईनं नुसता अशक्तपणा आहे एवढंच कळू दिलं. रेल्वे होती, बसही होती. आई दोन्हींना नाही म्हणाली. गर्दीतून उठताना लुगड्यावर डाग दिसला तर, एवढीच तिला धास्ती. बाबांना ती म्हणाली, "मोटारीनं न्या, तं येईन."

बाबा एकदम खुलले. तणस काढलं, हँडल मारलं, पण ते तसूभरही फिरेना. इंजिन उघडलं तर आत एवढ्या वर्षांचं जवसाचं तेल वाळून डिंकासारखं बसलेलं. पिस्टन जागचे हलेनात. बाबा हातात पाना धरून उकिडवे बसले. "मी तं टिकावी म्हणून टाकत होतो," म्हणाले. मला त्यांची दया आली.

मग आठवडेच्या आठवडे रॉकेल ओतणं आणि खरवडणं चाललं. उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतल्या एका ओळखीच्या फिटरकडून काही भाग घासून आणले. आई ओट्यावर तांदूळ निवडत विचारायची, "होते नं चालू?"

"हौ, होते."

मला दोघांचाही संताप यायचा. एक सांगत नाही आणि दुसरा विचारत नाही.

थंडीत एका सकाळी हँडल मारल्यावर मोटार धडधडली. सगळी गल्ली जमा झाली. आई भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि हसली. मला वाटलं, आता उद्याच निघू. पण बाबांनी सीटचं फाटकं कातडं शिवायला काढलं. मग दारांना काळा रंग लावला. तो वाळला तर दुसरा हात द्यायचा म्हणाले. मी रोज मागे लागायची, "बाबा, चला ना आता."

"येवढी घाई काहून तुले? चांगली नीट नेतो तुह्या मायले."

शपथेनं माझं तोंड बांधलं होतं.

निघायच्या दिवशी मी मागच्या सीटवर मेणकापड आणि त्यावर दोन जुन्या गोधड्या अंथरल्या. नव्यानं शिवलेल्या कातड्यावर असल्या चिंध्या कशाला, म्हणून बाबा माझ्यावर तापले. वाटेत आई खिडकीतून धान कापलेली शेतं बघत होती. गोंदियाला तिला उचलूनच आत न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या. गर्भाशयात गाठ होती आणि ती हाताबाहेर गेली होती. "इतके महिने घरी का ठेवलंत यांना?" त्यांनी विचारलं.

"मोटार चालू होऊन नव्हती राह्यली," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला राहवेना. तिथंच व्हरांड्यात मी शपथ मोडली आणि सगळं सांगून टाकलं, धुतलेल्या घड्यांसकट.

बाबा भिंतीशी खाली बसले. "मले वाटलं, तिले मोटारीत बसाची हौस आली," ते म्हणाले. "म्हणून तं रंग लावत बसलो."