माह्या मतलबाचं हाय

मतलबी काकूंनी उभ्या आयुष्यात कोणावरही उपकार केला नाही. हे मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर शंका घ्यायची माझी छाती नाही. लग्न होऊन मी खाप्याहून नागपुरात आले आणि महालातल्या त्यांच्या घरात भाड्यानं राहू लागले. पहिल्याच संध्याकाळी त्या झाकलेलं ताट घेऊन दारात हजर. झुणका, भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. मी संकोचून म्हटलं, "काकू, कशाला त्रास घेतलात?" तर म्हणाल्या, "त्रास कायचा? नवीन पोरगी, उपाशी झोपली का चिडचिड करन, नवऱ्याशी भांडन. भिंत एकच हाय आपली. मले झोप पाहिजे वं. माह्या मतलबाचं हाय."

हे 'माह्या मतलबाचं हाय' ऐकल्याशिवाय गल्लीत कोणाचा दिवस उजाडत नसे. समोरच्या घरातली सून तापानं फणफणली तेव्हा काकू तिच्या उशाशी ठाण मांडून बसल्या. औषध पाजलं, वेणी घातली, सासूला दटावलं. ती बरी होऊन पाया पडायला आली तर काकू पाय मागे घेऊन म्हणाल्या, "उठ, उठ. तू गेली असती तं उन्हाळ्यात माह्या कुरड्यांचा चीक कोण घोटन?" लोक त्यांना तोंडावर मतलबी काकू म्हणायचे आणि त्या खुशाल 'ओ' द्यायच्या.

ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. नऊवारी पातळ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि आवाज असा की परसातल्या विहिरीवर बोलल्या तर रस्त्यावरचा कुल्फीवाला थांबायचा. मूलबाळ नव्हतं. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते, शनिवारी यायचे आणि रविवार झोपून काढायचे. "तो तिकडं, मी इकडं, म्हणून आमचं पटते," असं काकू त्यांच्यासमोरच सांगत आणि ते कूस बदलून हसत.

काकूंचे खरे प्रतिस्पर्धी होते गल्लीतलेच वकीलसाहेब. वकिली सोडून ते व्याख्यानांकडे वळले होते. गणेशोत्सवात 'मनुष्यस्वभाव आणि परोपकार' हा त्यांचा ठरलेला विषय. माणूस जन्मतः निःस्वार्थी असतो, जग त्याला बिघडवतं, हे ते इतक्या तळमळीनं मांडत की ऐकताना आपण फारसे बिघडलेलो नाही असं वाटू लागे. सकाळी फिरून येताना ते काकूंच्या ओट्याशी थांबत आणि वाद उकरून काढत.

"वहिनी, निदान आईचं तरी कबूल करा. ती लेकराला पाजते त्यात कसला आला स्वार्थ?"

"वकीलसाहेब, पाजली नाही तं तिचीच छाती दुखते. कोण्याबी बाईले इचारा."

वकीलसाहेब कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि छत्री उघडून चालू लागले. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. हा वाद असाच गमतीत चालत राहिला असता, पण एका उन्हाळ्यात नळ आटू लागले आणि गमतीची गोष्ट खरी झाली.

आमच्या गल्लीत नळाला निदान धार होती. नाल्यापलीकडच्या वस्तीत तीही नव्हती. तिथली घरं धम्मदीक्षा घेतलेली, मानानं राहणारी. बाया गिरणीत, विडी कारखान्यात कामाला जायच्या आणि आल्यावर भर उन्हात पाण्यासाठी वणवण करायच्या. शेवटी नाल्यात खणलेल्या झिऱ्याचं पाणी भरू लागल्या. ते पिऊन लेकरांना हगवण लागली. गिरणीत काम करणाऱ्या सुमनबाईंचा धाकटा मुलगा दवाखान्यात पडला, आणि तो वाचेल की नाही अशी कुजबुज आमच्या गल्लीपर्यंत आली.

वकीलसाहेबांचं मन खरोखर कळवळलं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्यांनी घरोघर फिरून पाणी जमवलं, गल्लीच्या तोंडाशी पिंप ठेवलं, वर 'जलदान' असा फलकही लावला. पद्धत अशी ठरली की गल्लीतल्या कोणीतरी वरून तांब्यानं ओतायचं आणि वस्तीतल्या बायांनी खाली भांडी धरायची. सुमनबाई आल्या. फलक वाचला, पिंप पाहिलं, ओतणाऱ्याचा उंच धरलेला हात पाहिला.

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "वरतून ओतलेलं पाणी आमच्या मायनं लय पेलं. आमी नाही पेत."

बाया रिकामे हंडे घेऊन परत गेल्या. वकीलसाहेब पिंपाशेजारी उभे राहिले. आपलं काय चुकलं हे त्यांना कळेना. "देतोय तरी घेत नाहीत," असं ते ज्याला त्याला सांगत होते. काकूंनी ओट्यावरून हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी डोक्यावर ओला पंचा टाकून काकू मला म्हणाल्या, "चल वं पोरी, एका बाईशी मतलब हाय." आम्ही नाला ओलांडून सुमनबाईंच्या दारात गेलो. त्या नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या. बसा म्हणायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. काकूंनी लेकराची चौकशी केली नाही की हळहळ दाखवली नाही. एकदम कामाचंच काढलं.

"बाई, माही विहीर सडून राहिली. घरात खाणारी-पेणारी आमी मोजकी माणसं, उपसा होत नाही. उपसा नाही झाला का झरे बुजतात, पाण्याले वास येते. तुमी बाया रोज सकाळी येऊन उपसून देसान काय? गिरकी माही, दोर माहा."

सुमनबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "अन् काढलेलं पाणी?"

"त्याचं मले काय करा लागते? न्या का फेका. माहा मतलब विहिरीशी हाय."

"आमी विहिरीच्या पाळीवर चढू."

"न चढता उपसता येते काय?"

"दोराले आमचा हात लागन."

"मंग काय पायानं वढसान?"

सुमनबाई हसल्या. त्या घरात कित्येक दिवसांत कोणी हसलं नसावं, कारण आतून त्यांची सासू काय झालं ते पाहायला बाहेर आली. "उपकाराचं असतं तं नसतो आलो काकू," सुमनबाई म्हणाल्या. "कामाचं हाय तं येतो."

सकाळी दोर ओढताना करकरणाऱ्या गिरकीनं गल्ली जागी झाली. काकूंच्या परसात बायांची रांग, पाळीवर सुमनबाई पदर खोचून उभ्या, आणि बादलीमागून बादली वर येत होती. गल्लीतल्या खिडक्या आधी उघडल्या आणि मग धाडधाड बंद झाल्या. नऊच्या सुमाराला चार प्रतिष्ठित माणसं ओट्यासमोर जमली. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, हे काय करून राहिल्या तुमी? विहीर बाटली ना!"

"सडली तवा तं कोणी इचाराले नाही आले गा," काकू म्हणाल्या. "उन्हाळाभर पाणी खराब होऊन राहिलं होतं. आता निवळशंख झालं. माहा फायदा झाला, तुमाले काहून दुखते?"

धर्म बुडाला म्हणावं तर बाई धर्माचं बोलतच नव्हती. समाजसुधारणा म्हणून हिणवावं तर तिनं त्याचंही नाव काढलं नव्हतं. स्वार्थासाठी एक बाई आपली विहीर उपसून घेत होती. मग गल्लीनं काकूंशी बोलणंच टाकलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. सणाला येणारी ताटं थांबली. काकू मला म्हणाल्या, "बरं झालं, नारळ वाचले." पण संध्याकाळी ओट्यावर एकट्या बसलेल्या दिसल्या तेव्हा मी जवळ जाऊन बसले. त्यांनी मतलब विचारला नाही.

सुमनबाईंचा मुलगा वाचला. वस्तीतली हगवण थांबली. आणि मेअखेर आमच्या गल्लीचे नळही पार कोरडे पडले. पहिले दोन दिवस सगळ्यांनी ताठा धरला. तिसऱ्या सकाळी वकीलसाहेब धोतराचा सोगा सावरत, हातात पितळी बादली घेऊन परसाच्या फाटकातून आत आले आणि वस्तीतल्या बायांच्या मागे निमूटपणे रांगेत उभे राहिले. गिरकी थांबली. सगळ्या बाया वळून पाहू लागल्या.

"या वकीलसाहेब," काकू कडाडल्या. "तुमचा काय मतलब?"

वकीलसाहेबांनी बादली पुढे धरली. मग म्हणाले, "तहान लागली आहे, वहिनी."

"मंग बरोबर जागी आले!" काकू म्हणाल्या. सुमनबाईंनी त्यांच्या हातातली बादली घेतली नाही, वरून पाणीही ओतलं नाही. दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. वकीलसाहेबांनी दोर ओढला, तळव्याला फोड आणला, आणि पाणी काढलं. दुपारपर्यंत अर्धी गल्ली त्या रांगेत होती. विहीर काही आटली नाही.

तरी काही घरांच्या मनातली अढी गेली नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. वर्षभरातलं जे जे वाईट ते सोबत नेण्यासाठी ही भली मोठी बाहुली गावाबाहेर नेऊन जाळतात, आणि ज्याला जे नको असेल ते तो ओरडून तिच्या गळ्यात घालतो. खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत, असा गजर चालला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक आली आणि चार टारगट ओरडले, "मतलबी काकूले घेऊन जा गे मारबत!"

गर्दी हसली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. रस्त्याच्या पलीकडे सुमनबाई आणि वस्तीतल्या बाया मिरवणूक पाहायला उभ्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले. काकू मात्र ओट्यावर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले, आणि तो कुल्फीवाल्याला थांबवणारा आवाज त्यांनी सगळाच्या सगळा लावला.

"उपकार घेऊन जा गे मारबत!"

मग पलीकडून सुमनबाईंचा आवाज आला, "घेऊन जा गे मारबत!" त्यांच्यामागून सगळ्या बायांचा. "वरतून ओतलेलं पाणी घेऊन जा गे मारबत!" "घेऊन जा!" आणि खरं सांगते, त्या गजरात माझ्या शेजारून एक पुरुषी, व्याख्यानात कमावलेला आवाज मिसळला. वकीलसाहेब छत्री उंचावून ओरडत होते. ढोलवाल्यांनी त्यावरच ठेका धरला. मी इतकी ओरडले की पुढे दोन दिवस माझा घसा बसला. आयुष्यात असा विजय मी पुन्हा पाहिला नाही.

माणूस मुळात स्वार्थी की निःस्वार्थी, यावर वकीलसाहेब आणि काकू पुढेही भांडत राहिले. मला विचाराल तर दोघंही हरले आणि त्यामुळे आम्ही सगळे जिंकलो. एकदा मी काकूंना धीर करून विचारलं होतं, की प्रत्येक वेळी मतलब कशाला सांगता? त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "उपकार केला का समोरचा मान खाली घालते वं. मले खाली घातलेल्या मानेशी बोलता येत नाही. माहीच मान दुखते."

काही वर्षांनी यजमानांना दम्यानं धरलं, त्यांच्याजवळ कोणी हवं झालं, आणि काकूंनी खापरखेड्याच्या वसाहतीत जायचं ठरवलं. निघण्याच्या दिवशी ट्रक आला. हमाल यायच्या आधीच वस्तीतल्या बाया हजर. ट्रंका, पाटा-वरवंटा, कुरड्यांचे डबे, सगळं त्यांनी भराभर चढवलं. काकूंनी परसाच्या फाटकाची किल्ली सुमनबाईंच्या हातात दिली आणि बजावलं, "उपसा थांबवू नका. नाहीतं सडन." मग घामाघूम झालेल्या बायांकडे पाहून खेकसल्या, "काहून वं एवढ्या मरून राहिल्या? हमाल सांगितला होता ना!"

"मतलब हाय काकू आमचा," सुमनबाई म्हणाल्या.

"कोणता?"

सुमनबाईंनी तोंड उघडलं. बाकीच्या बाया त्यांच्याकडे पाहू लागल्या, मीही पाहू लागले. काहीतरी सापडायला हवं होतं. इतकी वर्षं त्या परसात आम्ही दुसरं काय शिकलो होतो? पण सुमनबाईंना काही सापडेना. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

काकू एक पाय ट्रकच्या पायरीवर ठेवून तशाच थांबल्या. मग खाली उतरल्या आणि आपल्या पदरानं सुमनबाईंचं तोंड पुसलं.

"रड वं, रड," त्या म्हणाल्या. "डोळे साफ होतात. तुह्याच मतलबाचं हाय."

आणि तिथंच उभं राहून त्यांनी आपलेही डोळे साफ करून घेतले.