अमेरिकेचं दूध, रशियाची कव्हरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर — तिला मी उलटंच सांगितलं. पण ते नंतर. मास्तरीण आहे मी, गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. फक्त ही सांगायला बसले की दर वेळी मी लांबूनच सुरुवात करते. दुधापासून.

तर दूध. हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती, त्या साली आमच्या शाळेत अमेरिकेची दुधाची पावडर येऊ लागली. शाळा मुलींची, मराठी, काचीगुड्याच्या अलीकडे. पावडर मोठमोठ्या पिंपांतून यायची. शाळेतली यादम्मा मधल्या सुट्टीआधी पाणी तापवून ती कालवायची आणि रोज माझ्याकडे तक्रार घेऊन यायची. "बाई, पोरियां नक्को बोलरे. चुन्ना घोले सरीका लगता बोलते."

मी म्हणायची, चुना कालवल्यासारखं लागतं तर थोडी साखर घाल.

"तो शक्कर बी मंगाओ ना अमरीका से," असं म्हणून ती निघून जायची.

रशिया आमच्याकडे कागदाच्या रूपाने आला होता. माझे मामा अफझलगंजला एका पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. तिथे रशियाची चित्रांची मासिकं गठ्ठ्यांनी यायची आणि जी खपत नसत ती मामा मला देत. वाचायला कोण घेतंय? मला हवा होता तो कागद. जाड, तुळतुळीत, पाणी सांडलं तर पुसून घ्यावं असा. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक वहीला कव्हर पाहिजे असा आमचा नियम होता, आणि निम्म्या घरांना खाकी कागद आणणंसुद्धा जड जायचं. मी गठ्ठा आणायची — अर्धा माझ्या तिसरीला, अर्धा शेजारच्या चौथीला. मग दोन्ही वर्गांच्या वह्यांवर ट्रॅक्टर, गव्हाची शेतं, डोक्याला रुमाल बांधलेल्या हसऱ्या बायका. मुलींनी त्या बायकांची बारशीसुद्धा केली होती. ही गंगूमावशी, ही ताराकाकू.

म्हणजे पोरी एकाचं दूध पीत होत्या आणि दुसऱ्याच्या कागदात वह्या गुंडाळत होत्या. तिकडे ते दोघे एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले. एकाने पाकिस्तानला रणगाडे दिले, तर दुसरा आपल्याला पोलादाचा कारखाना उभारून देणार — शाळेचे चिटणीस वकील होते, ते आम्हाला हे सगळं समजावून सांगत. कोण कुणाच्या गोटात जाईल यावर जगाचं काय होईल, तेही सांगत. आम्ही ऐकत असू. पण आपल्याच शाळेत त्या दोघांची गाठ पडली आहे, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. का यावं? फुकट मिळेल ते घ्यावं आणि देणाऱ्याची जात विचारू नये, एवढीच आमची परराष्ट्रनीती.

आता कुसुम.

चौथीचा वर्ग तिचा. माझ्याच वयाची, माझ्या आधी वर्षभर नोकरीला लागलेली. मोठ्याने हसायची. माझा वर्ग पलटणीसारखा रांगेत प्रार्थनेला निघाला की दारात उभी राहून म्हणायची, "सुमनबाई, तोफा कुठे ठेवल्या आज?" तिचा थोरला भाऊ तेलंगणातल्या लढ्याच्या दिवसांत कम्युनिस्टांबरोबर होता. तुरुंगात राहून आलेला, त्यामुळे त्याला कुणी कामावर ठेवेना. आईला दमा. घर चालायचं ते कुसुमच्या पगारावर. हे सगळ्यांना माहीत होतं, मला सगळ्यांत जास्त. डबा आम्ही एकत्र खात होतो.

वाटणी ठरली तशी सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबं मराठवाड्याकडे बदल्या मागून जाऊ लागली. वर्ग ओसरले. दिवाळीनंतर तिसरी आणि चौथी एकत्र करायची, दोघींतली एकच बाई ठेवायची, असं ठरलं. राहणार कुसुम. ती जुनी, मी नवी. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

मला ती नोकरी कशाला हवी होती, असं विचाराल? माझे यजमान रेल्वेत, सिकंदराबादला, कायम नोकरीत. बरकतपुऱ्यात बरं घर. कशाचीच ददात नाही. मला फक्त दिवसभर घरी सासूबाईंसमोर बसायचं नव्हतं. आणि खडू हातात घेतला की मला बरं वाटायचं. एवढंच. कारण याहून मोठं असतं तर मी हे केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी — आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो — मला बोलावलं. कुसुम आईला दवाखान्यात न्यायला आधीच निघून गेली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, सोमवारी दूध पाठवणाऱ्यांच्या वतीने एक अमेरिकन बाई शाळा पाहायला येणार आहेत. वर्ग झाडून घ्या. "आणि ती रशियाची कव्हरं तेवढी काढून टाका. उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नकोत. कुसुमला निरोप दे, तुझ्या घराजवळच राहते ती."

मी हो म्हणाले. आणि खरं सांगते, हो म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं.

रविवारी सकाळी कुसुम मला भाजीबाजारात भेटली. आम्ही बराच वेळ बोललो. वांग्यांबद्दल, तिच्या आईच्या औषधाबद्दल, यादम्माच्या जावयाबद्दल. निरोप माझ्या जिभेवर होता. तिने पिशवी उचलली, "येते गं" म्हणाली. मी "ये" म्हणाले. विसरले असं मला म्हणता येत नाही. तिची पाठ दिसत होती तोवर मी हाक मारू शकले असते — आणि हाक मारायची नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं. काय होईल याचा पुरता विचारही केला नव्हता. काहीतरी होईल, एवढंच.

सोमवारी पहिल्या तासाला मी तिसरीच्या मुलींना सांगितलं, कव्हरं मळलीत, काढा. काढलेली सगळी कव्हरं यादम्माच्या चुलीत गेली. पलीकडे चौथीचे पाढे ऐकू येत होते.

पाहुण्या बाई आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी दूध चाखलं आणि आमच्या मुलींसारखंच वाकडं तोंड केलं. चौथीत गेल्या. पहिल्याच बाकावरची वही उचलली. वहीवर ट्रॅक्टर, आणि खाली रशियन अक्षरं. चिटणिसांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या बाईंनी चित्र बघितलं, हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. चिटणिसांनीच मग त्याचं मराठी करून सांगितलं — माझ्या वडिलांकडेही असाच एक होता, सारखा बंद पडायचा. वही खाली ठेवली, मुलीच्या गालाला हात लावला आणि पुढे गेल्या.

बस. अमेरिकेच्या बाजूने एवढंच झालं. रशियाला तर याची गंधवार्ताही नव्हती. पुढचं सगळं आमचं आम्ही केलं.

पाहुण्या गेल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावलं. चिटणीस खुर्चीत होते. दूध बंद झालं तर? सरकारी अनुदानावर कुणी बोट ठेवलं तर? नव्या राज्यात आधीच आपण परके, त्यात शाळेवर लाल शिक्का बसला तर? कुसुमला काही कळेना. ती म्हणाली, "अहो, कव्हरं आहेत ती. दर वर्षी असतात." कागद कुणी आणला, हे तिने सांगितलं नाही. का नाही? मला अडचणीत आणायचं नसेल. दुसरं काय कारण असणार?

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी मी निरोप दिला होता. सुमन, तू हिला सांगितलंस ना?"

इथे मला थांबायला जागा होती. राहिलं सांगायचं, चुकलं माझं — चार शब्द. चार बोलणी बसली असती आणि विषय मिटला असता.

मी म्हणाले, "हो. काल बाजारात सांगितलं."

बाजार मी मुद्दाम घातला. जागा सांगितली की खोटं खरं वाटतं, हे वर्गात मुलींकडूनच शिकलेलं.

कुसुम चिडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, कपाळाला आठी — आठवत होती. खरोखर आठवून पाहत होती. मग म्हणाली, "सांगितलं असेल. दोन रात्री झोप नाही मला. आईचा दमा... माझंच लक्ष नसेल."

चिटणीस म्हणाले, "विसरलात, की विसरायचं ठरवलंत? घरी बंधुराज काय शिकवतात?"

 

दिवाळीनंतर एकत्र केलेल्या वर्गावर मी उभी राहिले. कुसुम आईला आणि भावाला घेऊन परभणीला मामांकडे गेली. तिथे शाळेत जागा मिळाली नाही. आधीची शाळा का सोडली, असं विचारलं की उत्तर काय द्यायचं? विसरले म्हणून? शिकवण्या करून तिने घर ओढलं. आई गेली, पुढे भाऊ गेला. हे मला येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत राहिलं. मी कधी काही पाठवलं नाही. पाठवलं असतं तर कशाबद्दल, असं तिने विचारलं असतं.

दुधाची पिंपं काही वर्षांनी यायची थांबली, कुणी बंद केली म्हणून नव्हे, आपोआपच. मामांच्या दुकानातला कागदही पातळ झाला. मध्यंतरी त्या दोघांच्या अंतराळवीरांनी वर आकाशात हात मिळवल्याचा फोटो पेपरात आला होता. मी तो वर्गात दाखवला, चांगला समजावून सांगितला.

गेल्या वर्षी कुसुम हैदराबादला आली होती. सिकंदराबादला भाचीचं लग्न होतं. शाळा शोधत आली. आता मोठ्या बाईंच्या त्या खोलीत मी बसते. केस पिकलेत तिचे, हसणं तेच. "मोठ्या बाई, येऊ का आत?" म्हणाली. चहा झाला. कोण कुठे असतं, मुली आता अभ्यासापलीकडे मराठी वाचत नाहीत, दुकानाच्या पाट्या तेवढ्या तेलुगूत वाचतात, असं सगळं बोलून झालं. मग कप खाली ठेवून म्हणाली, "सुमन, एक विचारू? रागावू नको. त्या रविवारी तू मला खरंच सांगितलं होतंस का गं?"

मी कप उचलून ट्रेमध्ये ठेवले.

"मी फार आठवून पाहिलं. वांगी आठवतात, यादम्माचा जावई आठवतो. हे मात्र आठवत नाही. दादा शेवटपर्यंत म्हणायचा, मी तुरुंगात जाऊन घर बुडवलं नाही, तू विसरून बुडवलंस. मी आपली ऐकून घ्यायची."

खोलीत आम्ही दोघीच होतो. चिटणीस कधीच वारले. माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. सासूबाईही नाहीत. भ्यायला काही उरलं नव्हतं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

तिने मान हलवली. "मग माझंच चुकलं," म्हणाली. पिशवी उचलून म्हणाली, "बरं झालं विचारलं."

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले, रिक्षा बघून दिली. ती परभणीला असते. मी तिला अजून काही कळवलेलं नाही.