मालनचे पेले

तर चौघांनीही घोट तोंडात फिरवला, एकदमच वाळूच्या डब्यात थुंकला, आणि अंधेरीचा बारवाला म्हणाला की सायकलच्या दुकानात बसून प्यायल्यासारखं वाटतंय. इथवर काल सांगून झालं. आता पुढचं ऐका, खरी आग पुढंच लागली.

साल चौऱ्याऐंशी. मुलुंडला द्राक्षाची वाइन करणारी एक लहानशी फॅक्टरी होती. नवा माल बाजारात जायच्या आधी दर बुधवारी सकाळी तिथं चाखणी व्हायची. शेठ, फॅक्टरीचे केमिस्ट मार्तंड मास्तर, घाटकोपरचा एजंट आणि हा बारवाला टेबलाशी बसायचे. हुंगायचे, घोट घ्यायचे, थुंकायचे आणि चिठ्ठीवर शेरा लिहायचे. त्यांचे काचेचे पेले धुवायचं काम मालनचं.

मालन कोकणातली. नवऱ्याची गिरणी बसल्यापासून घर तिच्यावरच. दारूचा थेंब तिनं कधी जिभेला लावला नव्हता, पण पेल्यांच्या बाबतीत सोवळ्यातल्या भटजीपेक्षा कडक. साबण नाही, फडकं नाही. नुसतं कढत पाणी आणि पेले जाळीवर उपडे. फडक्याचा वास काचेला धरतो, हे तिचं तिनंच शोधून काढलेलं. मंगळवारी तिच्या घरी सुकट शिजत नसे, बुधवारी ती केसांत फूल माळत नसे. पोरं जेवताना कुरकुरायची. ती सांगायची, माझ्या हाताला वास राहिला तर त्या चौघांच्या चिठ्ठ्या खोट्या पडतील.

अशा बाईकडे त्या बुधवारी बोट दाखवून मार्तंड मास्तर सगळ्यांसमोर ओरडले, "पेले घाण आहेत. हिनं कसल्या तरी साबणानं धुतलेत."

एजंटानं मान डोलावली. शेठनी काही विचारलं नाही की तपासलं नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले आणि हातातली शेऱ्याची चिठ्ठी फाडली.

बाटल्यांना लेबलं लावणारी कुंदा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अगं, पाया पड नि मोकळी हो. नोकरीची वाट लागेल."

त्या बोलण्यानं मालनचं डोकं आणखीच सणकलं. पाया पडायचं म्हणजे घाण पेले कबूल करायचे. ती रडली नाही. तरातरा शेठच्या केबिनमध्ये गेली, त्यांचं पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र उचलून आणलं आणि टेबलावर आदळलं. हे मी धुतलेलं नाही, तुमच्या शिपायानं धुतलंय, असं तिनं सांगितलं. मग त्याच मालाची बंद बाटली शेठच्याच हातानं उघडायला लावली, त्यात ओतायला लावली, हुंगायला लावली.

शेठनी नाक वाकडं केलं. तेच सायकलचं दुकान.

आता हा रबराचा वास आला कुठून? मालन बाटल्या भरायच्या खोलीत घुसली, मागून ही सगळी वरात. टाकीतून बाटल्यांत वाइन आणणारी पांढरी नळी सोमवारी फाटली होती. नवी मागवायला वेळ कुणाला? मास्तरांनी स्वतःच बागेला पाणी घालायची काळी रबरी नळी कापून तिथं बांधली होती, आणि वाइन रात्रभर त्या नळीत मुरली होती. मालननं तिचं टोक ओढून काढलं आणि मास्तरांच्या मिशीखाली धरलं. मास्तर मागे सरले ते टाकीला टेकले.

शेठ लालबुंद. सगळा माल मोरीत ओता म्हणाले, मास्तरांना नको नको ते बोलले. दुसऱ्या टाकीचा माल चाखायचं ठरलं आणि मंडळी पुन्हा टेबलाशी येऊन बसली. तेवढ्यात मास्तर मालनजवळ वाकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं पुटपुटले की चुकलं, मनात ठेवू नकोस.

शेठनीही हात झटकले. "झालं ते झालं, मालन. नोकरी आहे तुझी. चल, पेले मांड, ही माणसं खोळंबलीत."

कुंदा दारातून डोळ्यांनी खुणा करत होती, मांड गं बाई, मांड. मालन जागची हलली नाही. पदर कमरेला खोचून ती शेठना म्हणाली,

"मांडते, शेठ. पण आधी मास्तरांना इथं मोठ्यानं बोलू द्या, की मालनचे पेले स्वच्छ होते. घाण म्हणताना चौघांत ओरडले, आणि चुकलं म्हणायला माझा कान शोधतात? ते बोलेपर्यंत एक पेला जाळीवरनं हलायचा नाही."