चैत्रातला नाताळ

"मंडळी लई मोठी हाय मास्तर, फकस्त जरा लांब बसलीय."

दर रविवारी हे वाक्य मला ऐकावं लागायचं. मी गावचा पोस्टमास्तर. मांजरसुंब्याच्या फाट्यावरून आत आलं की आमचं गाव, पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या दोन खोल्यांत माझा संसार, आणि रस्त्यापलीकडे ख्रिस्ती मंडळींचं चर्च. चुन्याच्या भिंती, वर पत्रे, शंभर माणूस सहज बसेल एवढी जागा. दिवाळी झाली की त्यात उरायच्या दोन म्हाताऱ्या आणि एक लंगडं कुत्रं. बाकी सगळे ऊसतोडीला गेलेले. तरी पाळकसाहेब खणखणीत आवाजात उपदेश करायचे. मी खिडकीतून हसत ऐकायचो. उपासना उरकून ते माझ्याकडे चहाला आले की पहिलं वाक्य हेच.

गाव त्यांना फादर म्हणायचं आणि ते वैतागायचे. "फादर न्हाई ओ, पाळक! फादरला लग्न करता येत न्हाई. मी तर दोन पोरी नांदायला धाडल्यात." बायको वारलेली. घरात एक ट्रंक, एक खाट आणि पुस्तकं. सदऱ्याच्या खिशाला मात्र कायम दोन पेनं, कारण निम्म्या गावाचे अर्ज तेच लिहायचे. तहसीलच्या भाषेत अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सरपंचसुद्धा गुपचूप येऊन मसुदा दाखवून जायचे.

मी देवाच्या बाबतीत कोरडा माणूस. देवळात लग्नापुरता, चर्चमध्ये केकपुरता. "तुमचं बरं हाय मास्तर," ते म्हणायचे, "तुमचं कुनासंगंच भांडन न्हाई." हे कौतुक होतं की टोमणा, मला कधी कळलं नाही.

पलीकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा धनगर दुपारी मेंढरं घेऊन चर्चच्या सावलीला टेकायचा. एका डिसेंबरात त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय ओ पाळकसाहेब, मेंढरं गेली उसात अन् तुमी हितं रिकामा मेंढवाडा राखत बसलाव का? आमी तर मेंढरामागं चार जिल्हे फिरतो." टपरीवरचे सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! पाळकसाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला मारून फाट्यावर गेले आणि मिळेल त्या एसटीत चढले.

आठवड्यानं परत आले तेव्हा तोंड रापलेलं, तळहाताला उसाच्या पात्यांचे चरे. मी चहा टाकला.

"झाला का नाताळ?" मी विचारलं.

"झाला की. कोप्यांपुढं, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, समद्यांना बसवलं, प्रार्थना सुरू केली. आमेन म्हनून डोळे उघडले तर काय मास्तर, अख्खी मंडळी झोपलेली. बसल्या जागी! पहाटंपासून मोळ्या वाहिलेली मानसं ती. कुनाला उठवू?"

"मग काय केलंत?"

"मी बी झोपलो."

हसता हसता माझा चहा सांडला. ते मात्र खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "घरचं मानूस आल्याबिगर तुमी बारसं करता का? न्हाई ना? मग आमच्या लेकराच्या वाढदिवसाला कावून घाई करायची? घरचे येऊ द्या."

त्या वर्षापासून आमच्या गावात नाताळ चैत्रात सुरू झाला. पाडवा होऊन टोळ्या परतल्या की त्यानंतरच्या रविवारी. अंगाची लाही लाही करणारं ऊन, पत्रे तापून कडकड वाजताहेत, आणि दारात कागदाची लाल चांदणी लटकतेय! पहिल्या वर्षी गावाला वाटलं, म्हातारा बायको गेल्यापासून भ्रमिष्ट झाला. दुसऱ्या वर्षी गावानं त्या दिवसासाठी पाण्याचा टँकर सांगितला. तिसऱ्या वर्षापासून आमच्याच बायका आदल्या दिवशी करंज्या लाटायला जाऊ लागल्या. माझी बायको तर पाडव्यापेक्षा त्याचीच तयारी जास्त करायची.

त्या दिवसातली एक गोष्ट मला फार आवडायची. हंगामात उसाच्या फडावर जन्मलेली लेकरं आया पुढं आणायच्या. त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनी स्वतःची एक प्रार्थना रचली होती, पुस्तकातली नव्हे, घरची. लेकरू दोन्ही हातांवर घेऊन ते ती म्हणायचे, मग नाव ठेवायचं. माझं अक्षर चांगलं म्हणून तिची स्वच्छ प्रत मी करून दिली होती. मोबदल्यात मला दोन करंज्या जास्त मिळाल्या.

अशी सात वर्षं गेली. मग वरिष्ठांचं पत्र आलं. पत्र मीच दिलं आणि ते माझ्यासमोरच त्यांनी फोडलं. मंडळी घटलेली चर्चेस बंद करून जवळच्या शहराला जोडायची होती. पाहणीला दोघं जण येणार होते, पंचवीस डिसेंबरला.

"चैत्रात या म्हणून लिहा," मी म्हणालो.

"लिवलं. नाताळ डिसेंबरातच असतो म्हनून उत्तर आलं."

पाळकसाहेबांना पहिल्यांदाच मी असं खचलेलं पाहिलं. हे चर्च गेलं तर उसावरून येणाऱ्या चाळीस घरांनी जायचं कुठं? मला राहवलं नाही. मी गुपचूप कामाला लागलो. बचत गटाच्या बायका, टपरीवाला, तो धनगर आणि त्याची सगळी भावकी, सगळ्यांना सांगितलं, अंघोळ करून या, पदर घ्या, मांडी घालून गप बसा, पाळकसाहेब आमेन म्हणतील तेव्हा म्हणा. त्या सकाळी चर्च गच्च भरलं. धनगरानं तर नवा पटका बांधला होता.

पाहुणे खूष झाले. त्यातले मोठे म्हणाले, "उपस्थिती समाधानकारक आहे."

आणि हा गृहस्थ उभा राहिला! "सायेब, ही माझी शेजारी मानसं. माझ्या मायेपोटी आलीत, देव त्यांचं भलं करो. माझी मंडळी उसाला गेलीय. ती बघायची तर चैत्रात या."

मी कपाळावर हात मारला. पाहुणे गेल्यावर मी त्यांना अक्षरशः झापलं. "कावून बोललात? कुणी विचारलं होतं?"

"मास्तर," ते माझा हात धरून म्हणाले, "वाढदिवस त्याचा. त्याच्याच वाढदिवसाला त्याच्याच घरात खोटं बोलू?"

महिन्याभरात चर्च बंद करायचा आणि त्यांच्या बदलीचा हुकूम आला. ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना त्यांनी एवढंच सांगितलं, "मंडळी आली की म्हना, मी इचारलंय." शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये त्यांना मदतनीस केलं होतं. तिथं पाच-सहा आठवडे काढले आणि एका सकाळी छातीत कळ येऊन गेले. त्यांच्या धाकट्या पोरीनं मला फोन केला. मी त्या दिवशी पोस्ट उघडलं नाही.

पाडवा झाला. एका दुपारी टोळीचा ट्रॅक्टर चर्चसमोर थांबला. एक तरुण बाई उतरली, कडेवर तीनेक महिन्यांचं लेकरू. दाराचं कुलूप बघितलं आणि माझ्याकडे आली. "मास्तर, पाळकसाहेब कुटं गेलेत?"

मी सांगितलं. ती तिथंच पायरीवर बसली. बाकीचे उतरून भोवती गोळा झाले. तिनं पदरानं डोळे पुसले. "मास्तर, ती लेकराची प्रार्थना. तुमी लिवून दिलती न्हवं? तुमाला येत आसंल. तुमीच म्हना."

येत होती. सात चैत्र ऐकली होती, शब्द न् शब्द पाठ होती. पण टपरीवर दहाबारा जण बसले होते. करंज्या खाल्लेले काही, नवीन पोरं काही. त्या दिवसांत मोबाइलवर धर्मांतराचे कसले कसले व्हिडिओ फिरत होते आणि टपरीवर दिवसभर तोच विषय. पोस्टमास्तर ख्रिस्ती प्रार्थना म्हणतोय, ही बातमी संध्याकाळच्या आत बीडला पोचली असती. सगळे आमच्याकडेच बघत होते.

"नाही ओ बाई," मी म्हणालो. "मला नाही येत."

"आसू द्या." ती उठली. कुलपापुढं उभी राहिली, लेकरू दोन्ही हातांवर घेतलं. "देवा, हे लेकरू फडात जन्मलं. ह्याला पाळना न्हाई, पाचट मिळालं. तुज्या लेकराला बी..." इथं अडली. नवऱ्याकडं बघितलं, त्याला येत नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं.

'गव्हाणच मिळाली होती.' एवढंच वाक्य होतं. माझ्या जिभेवर होतं. मी खाली बघत उभा राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

तिनं लेकरू नीट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.